फोल्डरचं नाव बदललं आणि पोस्टग्रेस रिकामा दिसतोय (डॉकर कंपोझ)

मुंगळा:
उबंटू सर्व्हर, पोस्टग्रेस १६ (डेटाबेस), डॉकर कंपोझ (एका फाईलवरून कंटेनर चालवणारं साधन). डेटा 'पीजीडेटा' या नेम्ड व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणारी, नाव दिलेली साठवण). कंपोझ डाउन केलं, प्रोजेक्टचं फोल्डर 'हिशेब'चं 'हिशेब-नवा' केलं, जागा वाचावी म्हणून इमेजचा टॅग '१६'चा '१६-अल्पाइन' केला आणि अप केलं. कंटेनर चालू आहे, लॉगमध्ये एरर नाही, पण टेबल एकही नाही. डाउनला व्ही फ्लॅग (व्हॉल्यूमही उडवणारा) दिला नव्हता. डेटा गेला का?

रात्रपाळी:
नाही गेला. कंपोझ व्हॉल्यूमच्या नावापुढे प्रोजेक्टचं नाव लावतं, आणि तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर फोल्डरचं नाव हेच प्रोजेक्टचं नाव. म्हणजे 'हिशेब_पीजीडेटा' जागच्या जागी आहे, शेजारी 'हिशेब-नवा_पीजीडेटा' नवं बनलंय. डेटा डिरेक्टरी रिकामी दिसली की एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट (कंटेनर सुरू होताना चालणारी) मुकाट इनिटडीबी चालवते, म्हणजे नवा रिकामा डेटाबेस बनवते, म्हणून एरर नाही.

'डॉकर सिस्टम डीएफ' व्ही फ्लॅगसह चालवा, प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार दिसेल. नवं साधारण ४० एमबीचं असेल. जुनं ओळखू आलं की डाउन करा (व्ही नको!) आणि कंपोझ फाईलच्या व्हॉल्यूम्स विभागात 'पीजीडेटा'खाली 'एक्सटर्नल: ट्रू' आणि जुन्या व्हॉल्यूमचं पूर्ण नाव लिहा. सगळ्यात वर 'नेम: हिशेब' ही ओळ टाकूनही भागतं, पण एक्सटर्नल बरं: उद्या कोणी डाउनला व्ही दिलाच तरी कंपोझ त्याला हात लावत नाही. हे होईपर्यंत कुठलाही प्रून (न वापरलेलं साफ करणारी कमांड) चालवू नका. जुनं व्हॉल्यूम आत्ता कुठल्याच कंटेनरला जोडलेलं नाही. व्हॉल्यूम प्रूनला ऑल फ्लॅग दिला की असली नेम्ड व्हॉल्यूम्सही जातात.

कोकणी_बाइट:
अप करण्याआधी टॅग परत '१६' करा. यात फोल्डरपेक्षा मोठा खड्डा आहे.

डेबियनच्या इमेजमध्ये (नुसता '१६' म्हणजे हीच) जीलिबसी, अल्पाइनमध्ये मसल, या दोन वेगळ्या सी लायब्ररी. जीलिबसी मजकुराचा क्रम लोकॅलनुसार, म्हणजे भाषेच्या नियमांनी लावते (इमेजचं डीफॉल्ट इंग्रजी यूएस, यूटीएफ-८), मसल सरळ बाइटच्या क्रमाने. टेक्स्ट कॉलमवरचे बी-ट्री इंडेक्स एका क्रमाने बांधलेले आणि शोध दुसऱ्या क्रमाने, मग टेबलात असलेली ओळ सापडत नाही आणि युनिक इंडेक्समधून डुप्लिकेट आत शिरतात. सर्व्हर तरीही सुरू होतो. पोस्टग्रेस युजरचा आयडी डेबियनमध्ये ९९९ आणि अल्पाइनमध्ये ७०, पण एंट्रीपॉइंट रूटने चालतो तेव्हा फाईलींची मालकीही गुपचूप बदलून टाकतो. कनेक्ट करताना 'कोलेशन (क्रमाचे नियम) व्हर्जनची नोंद आहे, पण प्रत्यक्षात व्हर्जन नाही' अशा अर्थाची वॉर्निंग येते तेवढीच, आणि ती कोण वाचतं!

अल्पाइन हवंच असेल तर डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) काढून नव्या व्हॉल्यूमवर रिस्टोअर. आणि नुसता '१६'ही नको, '१६-बुकवर्म' असा डेबियनच्या आवृत्तीसकट टॅग लिहा. नुसता '१६' पुढच्या डेबियनवर सरकला की जीलिबसी बदलते, आणि रीइंडेक्सचं (इंडेक्स पुन्हा बांधण्याचं) काम मागे लागतं.

मुंगळा:
टॅग बदलला. चालू कंटेनर तसाच ठेवून, जुन्या व्हॉल्यूमवर दुसरा तात्पुरता कंटेनर लावून आधी फक्त बघितलं तर चालेल?

रात्रपाळी:
चालू कंटेनर नव्या व्हॉल्यूमवर आहे तोवर चालेल. एकाच व्हॉल्यूमवर दोन पोस्टग्रेस मात्र कधीच नकोत. पोस्टमास्टरच्या (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसच्या) पीआयडी फाईलचा, म्हणजे प्रोसेस क्रमांकाच्या नोंदीचा पहारा तिथे उपयोगाचा नाही: दोन्ही कंटेनरमध्ये पोस्टग्रेसचा पीआयडी १ असतो, त्यामुळे दुसऱ्याला वाटतं, ही आपलीच मागची शिळी फाईल. शेअर्ड मेमरीची तपासणीही फसते, कारण आयपीसी नेमस्पेस वेगळी, म्हणजे एका कंटेनरला दुसऱ्याची शेअर्ड मेमरी दिसतच नाही. दोघेही लिहायला लागतात आणि डेटा खराब होतो.

पासवर्ड जुनाच लागेल. एन्व्हायर्नमेंटमधला पासवर्ड फक्त पहिल्या इनिटडीबीच्या वेळी वाचला जातो.

कोकणी_बाइट:
डेटा दिसला की पहिलं काम डंप. 'डॉकर एक्झेक'ला आय-टी फ्लॅग देऊन आउटपुट फाईलमध्ये वळवू नका, टीटीवाय (टर्मिनल) प्रत्येक न्यूलाइनआधी कॅरेज रिटर्न घुसडतं आणि कस्टम फॉरमॅटचा डंप बाद होतो. टी वगळा. रोल्स (डेटाबेसचे युजर) पीजी_डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी_डंपऑलला ग्लोबल्स-ओन्ली देऊन वेगळे काढा. मग रिकाम्या कंटेनरवर एकदा रिस्टोअर करून बघा आणि त्यानंतरच ते ४० एमबीचं व्हॉल्यूम उडवा.