७ नंबरची पांढरी गाडी

सोसायटीचा ग्रुप. शनिवार, सकाळ

सेक्रेटरी: पार्किंग ७ मध्ये पांढरी गाडी जॅकवर उभी आहे. चाक काढून भिंतीला टेकवलंय. शेजारच्यांना गाडी बाहेर काढता येत नाही. कुणाची आहे?

संकेत (सी-२०४): माझीच काका, सॉरी. लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश (रबरी सांधा) गेलाय. गगनबावड्याला जाऊन आल्यापासून खड्ड्यात चाक गेलं की खालून टक्क आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणाला घरी येऊन बदलतो. त्यानं काल बोल्ट सोडवायची बॅटरीची गन लावली, दहा मिनिटं झाली आणि बुशमधल्या बोल्टचं डोकंच तुटून खाली पडलं. "वेल्डिंगवाल्याला दाखवा" म्हणून गेला, आता फोन उचलत नाही.

काकू (ए-३०३): काल दुपारची ती घरघर तुमची होय! मला वाटलं वरचे फरशी फोडायला लागले.

अण्णा (बी-१०१): संकेत, गन लावायच्या आधी पान्यानं बघितलं होतं काय? पाना थोडा फिरत होता आणि सोडला की परत मागं येत होता काय?

संकेत: हो अण्णा, अगदी तसंच! आम्हाला वाटलं सुटायला लागलाय.

अण्णा: सुटत न्हवता. बुशच्या मधी लोखंडी नळी असते. बोल्ट गंजून त्या नळीला चिकटलाय. तू पाना मारला की नळी फिरते, तिच्याभोवतीचं रबर पीळ खातं आणि सोडलं की परत मागं ओढतं. तिकडं आटे हललेच न्हाईत. पाना मागं आला तिथंच थांबायचं होतं. गन मारली की पीळ सगळा डोक्याच्या मानेवर येतो.

डॉक्टर (बी-४०२): २०१४ ची गाडी ना ही? इतका गंज?

संकेत: २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी आलं तेव्हा इथंच होती. दोन दिवस चाकं पाण्यात.

काकू: त्या रात्री मी तुझं दार वाजवलं होतं. "काकू, इथवर येत नाही पाणी" म्हणालास.

संकेत: 🙏

डी-१०२: ईझी-आउट लावा की, तुटलेले बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा. भोक पाडायचं, उलटा फिरवायचा, संपला विषय.

अण्णा: ईझी-आउट मोकळ्या आट्याला. हा जाम हाय. ईझी-आउट कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर त्यात साधं ड्रिल जात न्हाई. मग उद्यमनगरात स्पार्क मशीनवर जाळून काढायचा, आणि त्यासाठी भाग मशीनवर न्यावा लागतो. अख्खी गाडी मशीनवर कोण चढवणार?

(पुढचं नातवाकडून टाइप करून घेतलंय.)

बुश नाहीतरी भंगारातच जायचा, त्याला वाचवायचं नाही. पातळ कटिंग व्हीलनं बुशच्या दोन्ही कडांना नळी आणि बोल्ट एकदमच कापायचा, म्हणजे आर्म खाली येईल. बोल्ट ज्या पक्क्या नटात जाम आहे त्या बाजूला मात्र चाटून कापायचं नाही, आठ-दहा मिलिमीटर खुंट बाहेर ठेवायचा. त्याच्यावरची नळी छन्नीनं सोलायची. मग खुंटावर दुसरा एक सुटा नट बसवायचा आणि नटाच्या भोकातून आतून वेल्डिंग भरायचं. पकडायला डोकं मिळतंच, पण खरं काम उष्णतेचं. बोल्ट तापून फुगायला बघतो, निवताना आकसतो, तिथं गंजाची पकड फुटते. लालभडक असताना हात लावायचा नाही. थोडं निवलं, काळं पडलं की पाना लावायचा. पाव फेरा मागं, थोडा पुढं, तेल, परत मागं. नुसतं मागं ओढत बसलं की परत तुटला म्हणून समज.

सेक्रेटरी: अण्णा, मान्य. पण पार्किंगमध्ये वेल्डिंग होणार नाही. बाजूला चार पेट्रोलच्या स्कूटर आहेत, वर मीटर बोर्ड आहे.

संकेत: मग टो करून नेऊ का?

अण्णा: सेक्रेटरींचं बरोबर हाय. टो पण नको. डोकं गेलं तरी बोल्ट अजून नळीत हाय, आर्म जागेवर हाय. तोवर चाक लावून चौघांनी हातानं ढकलत मागच्या भिंतीजवळ उघड्यावर न्यायची. कापल्यावर मग गाडी हलवायचं नाव काढायचं न्हाई.

सेक्रेटरी: मागची भिंत चालेल. ऑफिसमधला फायर सिलिंडर आणि दोन बादल्या पाणी शेजारी ठेवा.

अण्णा: ओलं पोतं पण. ब्रेकच्या पाइपवर टाकायला. आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढल्याशिवाय वेल्डरला होल्डर उचलू देऊ नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कोण शिरला तर मी तिथनं उठून घरी जाणार. खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावायचे.

डी-१०२: नवीन बोल्ट मी देतो, आमच्या हार्डवेअरात १२ मिलिमीटरचा पडलाय.

अण्णा: त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?

डी-१०२: ८.८

अण्णा: तुटलेल्या डोक्यावर बघ रे संकेत.

संकेत: १०.९

अण्णा: म्हणजे चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन ताकदीचा. ८.८ म्हणजे ८००. चाक ज्यावर टिकतं तिथं ८.८ बसवून पुण्याला जाणार काय? कंपनीचाच आण. त्याच्या दांड्याला आटे कुठवर आहेत तेपण ठरलेलं असतं.

रविवार, दुपार

डॉक्टर: मागून हातोड्याचे आवाज थांबले. काय झालं?

संकेत: निघाला!!! पहिला नट वेल्डिंगसकट निसटून आला. दुसऱ्याला अण्णांनी खुंट ग्राइंडरनं चकचकीत करून घ्यायला लावला. निवल्यावर पाना लावला तर आधी काहीच नाही, मग कर्रर्र करून केसाएवढा हलला. अण्णांनी लगेच माझा हात धरला, "आता पुढं". पंधरा मिनिटं मागं-पुढं करत होतो. शेवटचे तीन-चार फेरे तर बोटांनी फिरले.

काकू: चहा पाठवते. किती जण आहात?

संकेत: सहा. त्यातले चार नुसते बघायला.

अण्णा: आत पक्क्या नटाचे आटे १२ बाय १.२५ च्या टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, साफ केलेत. टॅप गोडीनं आत गेला, म्हणजे आटे शाबूत. ड्रिल मारायची वेळ आली असती तर १०.८ च्या वर गेलो नसतो. नव्या बोल्टच्या दांड्याला, नळीत बसतो तेवढ्याच भागाला, अँटी-सीझ (परत जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावलंय. आट्याला न्हाई, नाहीतर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, चुकतो.

संकेत: आता फुल टाइट करू ना?

अण्णा: थांब! चाक लटकलेलं असताना टाइट केलास की रबर त्याच जागी पकडलं जातं. गाडी खाली टेकली की कायमचा पीळ, सहा महिन्यांत बुश परत फाटला. आत्ता नुसता हातानं लाव. गाडी चाकांवर उतरव, दोनदा दाबून हलव, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळ. उद्या चाकांचं अलाइनमेंट.

सेक्रेटरी: छान झालं. ७ नंबरमध्ये तेलाचा डाग पडलाय, संध्याकाळपर्यंत भुसा टाकून साफ करावा.

संकेत: करतो काका. अण्णा, उजव्या बाजूचा बोल्टपण त्याच पाण्यात होता...

अण्णा: माहीत हाय. आजपासून रोज रात्री त्याला तेल मार. आणि पुढच्या रविवारी गाडी आधीच मागच्या भिंतीला लाव.