लॉगिनसोबत चालणाऱ्या यूजर सर्व्हिसेस : तुमचे अनुभव लिहा

लिनक्सवर सिस्टमडीच्या (मागं चालणारी कामं सुरू-बंद करणारा प्रोग्राम) यूजर सर्व्हिस, म्हणजे एकेका यूजरच्या नावानं चालणारी कामं, कशा लावता, कुठं अडतं, नेमकं लिहा. लाइट जा-ये करते त्या गावातल्यांनी तर लिहाच.

लातूर, मोंढा
अडतीच्या हिशेबाचा बॅकअप रात्री ९ ला. त्या वेळी लाइट नसली की क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा जुना प्रोग्राम) ती फेरी सोडून देतो. त्याऐवजी सिस्टमडीच्या टायमरमध्ये (सर्व्हिसची वेळ ठरवणारी फाइल) ‘ऑनकॅलेंडर’सोबत ‘पर्सिस्टंट=ट्रू’ लिहा, पुढच्या लॉगिनला हुकलेली फेरी लगेच होते. एनेबल टायमर करायचा, सर्व्हिस नाही.

परभणी, कॉलेज लॅब
बहुतेक जण सिस्टमची युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) जशीच्या तशी उचलतात. तिथंच घोटाळा होतो. ‘वाँटेडबाय’मध्ये (कोणत्या टप्प्याला, म्हणजे टार्गेटला, सुरू व्हायचं ती ओळ) ‘मल्टी-यूजर.टार्गेट’ राहिलं तर सर्व्हिस हातानं सुरू होते, लॉगिनला होत नाही, कारण यूजर मॅनेजरकडं (यूजरच्या सर्व्हिस सांभाळणारी सिस्टमडीची वेगळी प्रत) ते टार्गेटच नसतं. ‘डिफॉल्ट.टार्गेट’ लिहा. ‘यूजर=’ ही ओळ काढा, नाहीतर २१६ एरर येतो. नेट येईपर्यंत थांबायला ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’चाही उपयोग नाही, सिस्टमची युनिटं यूजर मॅनेजरला दिसत नाहीत. राउटर उशिरा उठतो, म्हणून ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक=३०’ द्या. नुसतं रीस्टार्ट दिलं तर मधली वेळ १०० मिलिसेकंद असते. १० सेकंदांत ५ प्रयत्न संपले की सर्व्हिस आपोआप परत उठत नाही. लगेच हातानं उठवायची तर आधी ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीसेट-फेल्ड’ ही कमांड. फाइल बदलली की ‘डेमन-रीलोड’ विसरू नका.

सगळ्या विद्यार्थ्यांसाठी एकच सर्व्हिस असेल तर फाइल ईटीसीमधल्या सिस्टमडी/यूजर फोल्डरात, आणि ‘सिस्टमसीटीएल --ग्लोबल एनेबल’.

बीड
टर्मिनलमध्ये चालतं, सर्व्हिसमध्ये नाही? बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) तिथं वाचली जात नाही. पाथ वगैरे ‘.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी’मध्ये ठेवा. ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये (चालवायच्या कमांडची ओळ) होम फोल्डरसाठी ~ चालत नाही, %h लिहा. आणि ‘सिस्टमसीटीएल --यूजर’च्या आधी सुडो नको, ते तुमचा सोडून रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) मॅनेजर शोधतं.

नांदेड
लातूरकर दादा, तुमचा बॅकअप लॉगिनची वाट बघत बसतो. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ एकदा चालवा, मशीन उठताच यूजर मॅनेजर उठेल. एरवी शेवटचं सेशन बंद झाल्यावर १० सेकंदांत तो सगळ्या सर्व्हिस थांबवतो. होम फोल्डर एन्क्रिप्टेड असेल तर मात्र लिंगरचा उपयोग नाही, पासवर्ड टाकेपर्यंत युनिट फाइलच दिसत नाही.

लातूर, मोंढा
नांदेडकर, होम साधंच आहे. लिंगर लावलं. लाइट आल्यावर ‘लिस्ट-टायमर्स’मधला ‘लास्ट’ रकाना बघून सांगतो.

परभणी, कॉलेज लॅब
बॅकअप ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणारी सर्व्हिस) असेल तर ‘रीस्टार्ट’मध्ये ‘ऑन-फेल्युअर’च ठेवा, ‘ऑलवेज’ दिलं तर युनिट लोडच होत नाही.