भाड्यासाठी पहिली जागा: हिशोब तपासून हवा आहे

नमस्कार मंडळी, जुन्या इमारतीतली एक जागा भाड्याने देण्यासाठी घ्यायचा विचार आहे. किंमत, नोंदणी, दलाली, रंगकाम असा सगळा खर्च 100 धरला तर वर्षाचं भाडं 6 येतं. त्यातून एक महिना जागा रिकामी म्हणून 0.5, देखभाल, मालमत्ता कर आणि विम्याला 1, दुरुस्तीला 0.5. उरतात 4.

70 कर्ज काढलं तर 8 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी हप्ते वर्षाला साधारण 7 होतात, म्हणजे दरवर्षी 3 पदरचे. कर्ज 40 वर आणलं तर हप्ते 4, जेमतेम बरोबरी. पण मग जवळची शिल्लक संपते, आणि भाडेकरू मध्येच गेला तर सहा महिन्यांचे हप्ते हाताशी हवेतच, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं म्हणजे, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला खालून हातभर ओल चढली आहे, रंगाचे पोपडे सुटलेत. छत मात्र कोरडं आहे, त्यामुळे गळती वरून नसून आतल्या नळाची किंवा फरशीखालची असावी.

अशा इमारतीत दुरुस्तीला 0.5 पुरतात का? आणि ओलीचं काम व्यवहाराआधी विकणाऱ्याकडून करून घ्यावं, की किंमत कमी करून स्वतः करावं?