थ्री-फेज जोडणीवर ऊर्जा मॉनिटरचे आकडे वीजमीटरशी जुळत नाहीत

प्रश्न

घरात थ्री-फेज जोडणी आहे आणि वितरण पेटीत तीन सीटी क्लॅम्प (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेभोवती बसवून तिच्यातील प्रवाह मोजणारे चिमटे) असलेला ऊर्जा मॉनिटर बसवून घेतला आहे. मुख्य वीजमीटरच्या रोजच्या युनिटांशी ताडून पाहिले, तर मॉनिटरची नोंद जेमतेम एक तृतीयांश भरते. तिन्ही फेजवर भार साधारण सारखाच वाटलेला असल्यामुळे एखादाच फेज मोजायचा राहून गेला असावा, असे वाटत नाही. खात्रीसाठी २००० वॅटचा हीटर आर, वाय आणि बी अशा एकेका फेजवर चालवून पाहिला. आर फेजवर मॉनिटरने २००० च्या आसपास वाढ दाखवली, वाय फेजवर मात्र उणे १०००. बी फेजवरही आधी उणेच आकडा येत होता, म्हणून वायरमनने तेथील क्लॅम्प उलटा बसवला आणि आता तेथे अधिक १००० दिसतात. वाय फेजचा क्लॅम्पही तसाच उलटा करावा, की मॉनिटरच सदोष समजून बदलून घ्यावा?

पहिले उत्तर

वायच्या क्लॅम्पला कृपया हात लावू नका आणि मॉनिटर बदलण्याचीही घाई करू नका. आपण दिलेल्या आकड्यांतच दोष कोठे आहे ते दिसते. मॉनिटर प्रत्येक क्षणाचे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार करून त्याची सरासरी काढतो, त्यामुळे हे दोन्ही एकाच फेजचे असले तरच उत्तर बरोबर येते. तीन फेजच्या लहरी परस्परांपासून १२० अंशांनी सरकलेल्या असतात आणि १२० अंशांचा कोसाइन उणे ०.५ असतो, म्हणजे एका फेजचा प्रवाह दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजशी गुणला गेला की २००० वॅटचा हीटर उणे १००० वॅटचा दिसतो. केवळ क्लॅम्प उलटा असता, तर उणे २००० दिसले असते. म्हणून आधी आकडा किती आहे ते पाहावे आणि चिन्हाचा विचार नंतर करावा.

बी फेजवर क्लॅम्प उलटा केल्याने दोष दूर झालेला नाही, उलट तो झाकला गेला आहे. उणे चिन्ह निदान डोळ्यांत खुपते. अधिक १००० हा आकडा खरा वाटतो आणि महिनोन्महिने तसाच चालून जातो. तिन्ही फेजवर प्रत्येकी २००० वॅटचा भार धरला, तर आपला मॉनिटर २०००, उणे १००० आणि अधिक १००० यांची बेरीज करून २००० दाखवेल, प्रत्यक्षात भार ६००० असेल. आपल्याला दिसणारा एक तृतीयांश आकडा येथूनच येतो.

दुसरे उत्तर

वरील निदान योग्य वाटते, पण त्याची दोन कारणे संभवतात. एक, मॉनिटरला फक्त आर फेजचे व्होल्टेज दिलेले असून तेच तिन्ही क्लॅम्पसाठी वापरले जात असेल. दुसरे, तिन्ही व्होल्टेज दिलेली असतील, पण वाय आणि बी यांच्या तारांची अदलाबदल झाली असेल. मॉनिटरच्या ॲपमध्ये तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहा. तिन्ही आकडे दशांशापर्यंत सारखे असतील आणि एकदमच वर-खाली होत असतील, तर पहिले कारण समजावे. ते वेगवेगळे असतील, तर दुसरे.

दुसऱ्या कारणाची खात्री मल्टिमीटरने होते. मॉनिटरचे वाय व्होल्टेजचे टर्मिनल आणि ज्या तारेवर वायचा क्लॅम्प आहे तिचा एमसीबी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावे. फेज एकच असेल, तर जवळजवळ शून्य येईल. वेगळे असतील, तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ४०० व्होल्ट येतील. हे काम चालू पेटीत करावे लागत असल्यामुळे ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. चाचणीसाठी हीटरच वापरावा, पंप नको. ०.८ पॉवर फॅक्टरची (म्हणजे जिचे खरे वॅट व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराच्या ०.८ पट असतात अशी) मोटर चुकीच्या फेजशी जोडली गेली, तर अदलाबदल कोणत्या बाजूची आहे त्यानुसार तिचा आकडा त्या गुणाकाराच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) अवघा ०.१२ पट किंवा थेट उणे ०.९२ पट येतो आणि त्यावरून काहीच उमगत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

ॲपमधील तिन्ही व्होल्टेज वेगवेगळी होती आणि वायच्या टर्मिनलवर मोजल्यावर ४०० च्या जवळपास आकडा आला. इलेक्ट्रिशियनने मुख्य स्विच बंद करून वाय आणि बी यांच्या व्होल्टेजच्या तारा अदलून घेतल्या. त्यानंतर वायवर हीटरचे पूर्ण २००० दिसले, बीवर मात्र उणे २००० आले. तेथील क्लॅम्प मूळ दिशेला बसवल्यावर तोही आकडा बरोबर येऊ लागला. आता एवढेच राहिले आहे की, रात्री बहुतेक उपकरणे बंद असताना मॉनिटर मीटरपेक्षा थोडे कमी दाखवतो.

तिसरे उत्तर

रात्रीचा फरक वेगळ्या कारणाचा आहे. ४० वॅटच्या भाराला २३० व्होल्टवर जेमतेम ०.१७ अँपिअर प्रवाह लागतो; आपला क्लॅम्प १०० अँपिअरचा असेल, तर हा त्याच्या क्षमतेचा ०.२ टक्काही नाही, आणि इतक्या खाली अचूकतेची अपेक्षा धरता येत नाही. घराच्या कमाल प्रवाहाला पुरेल असा लहान क्षमतेचा, मॉनिटरला चालणारा क्लॅम्प घेतल्यास फरक कमी होईल. त्याआधी क्लॅम्पची दोन्ही तोंडे नीट मिटली आहेत का, हे पाहावे, कारण मध्ये धूळ किंवा तारेचे आवरण अडकून बारीकशी फट राहिली, तरी आकडा घसरतो. क्लॅम्प बदलताना मुख्य स्विच बंद असावा. काही सीटींचे टोक चालू प्रवाहात सुटे राहिले, तर त्यावर धोकादायक व्होल्टेज निर्माण होते.

तुलना करण्यासाठी मीटरवरील लुकलुकणारा दिवा उपयोगी पडतो. मीटरवर एका युनिटला १००० स्पंदने असे छापलेले असेल, तर २००० वॅटच्या भाराला दिवा दर १.८ सेकंदांनी लुकलुकतो. रात्री इतर भार बंद करून केवळ हीटर चालू ठेवला आणि दहा लुकलुकींना १८ सेकंद लागले, तर मॉनिटरचा त्या वेळचा आकडा २००० शी ताडून मोठ्या भारावर तो कितपत बरोबर आहे ते लगेच कळेल. दुरुस्तीपूर्वीचा साठलेला तपशील मात्र पुसून टाकावा. भारांचा पॉवर फॅक्टर सतत बदलत असल्यामुळे त्या आकड्यांना कोणत्याही एका संख्येने गुणून ते सुधारता येणार नाहीत.