उन्हाळ्यात गळासाठी गांडुळं कुठं मिळतील?

प्रश्न: पैठणला नाथसागराच्या काठावर वाम, शिंगाळा या माशांसाठी गळ टाकायचाय. काळी माती भेगाळलीय, हातभर खोदूनही गांडूळ नाही. काय करावं?

उत्तर १: भेगाळल्या रानात खोदू नका दादा, ती ओलीमागं खोल जातात. गोठ्याचं पाणी मुरतं तिथं किंवा उकिरड्याच्या सावलीतल्या कडेला बघा. तिथंही नसतील, तर ओलसर जागी शेणकाला शिंपडून वर भिजलेलं गोणपाट टाका, रोज पाणी मारा. आठवड्याभरात वर येऊ लागतात. कुदळीनं तुकडे होतात, खुरप्यानं माती उलटा.

उत्तर २: गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळंही चालतात, पण टोचली की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात. रानातली मिळाली तर तीच घ्या.

प्रश्नकर्ता: डब्यात ठेवली की दुपारपर्यंत मरतात.

उत्तर १: डबा तापतो, नाहीतर तळाला पाणी साचतं. मडक्यात ओलसर माती भरा. मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको. मेलेलं लगेच काढा, एक सडलं की बाकीची जातात. गळात दोन-तीन ठिकाणी ओवून इंचभर शेपूट वळवळतं सोडा. गळ तळाशी, अंधार पडताना. कटल्याला मात्र हे नको, त्याला पिठाचा गोळा.