विहिरीत लागलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कातळाचं वय कसं काढतात?

वेंगुर्ल्याचा बागायतदार
कलमांच्या बागेत विहीर खणताना जांभा आणि त्याखालची माती संपल्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कातळ लागला. मित्र म्हणतो, झिजून गेलेल्या डोंगराच्या मुळाशी असा दगड असतो. सह्याद्री तर समोर उभा आहे! मग हा डोंगर कुठला, आणि त्याचं वय कळतं कसं?

कातळवेडी
मित्र बरोबर सांगतोय. तो नीस असणार, म्हणजे खोलवर उष्णतेनं आणि दाबानं बदललेला पट्ट्यांचा खडक. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तुमचा कातळ त्याच्या कितीतरी आधीचा. धारवाड भूभागातले, म्हणजे कर्नाटकाकडच्या प्राचीन कवचातले, काही नीस तर 300 कोटी वर्षांहून जुने निघालेत.

वय कळतं ते खडकातल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक कणांवरून. घडताना झिरकॉन युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणून आज आत मिळणारं बहुतेक शिसं तिथल्याच युरेनियमचं झालेलं असतं. युरेनियम-238 निम्मं व्हायला 447 कोटी वर्षं लागतात, युरेनियम-235 ला 70 कोटी. दोन्हींतून एकच वय आलं की आकड्यावर विश्वास ठेवायचा.

पण विद्यार्थ्यांना मी कायम बजावायचे, एका आकड्यावर डोंगर उभा करू नका. भूखंड आदळून डोंगर उभा राहताना खडक खोल गेला, तापला, की जुन्या झिरकॉनवर नवा थर चढू शकतो. कण घासून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की गाभा आणि कड वेगळ्या करड्या छटांत दिसतात, फणसाचा गरा आणि आतली आठळी दिसावी तसे. दोन्हींवर लेझर वेगवेगळा मारून तिथलं युरेनियम आणि शिसं मोजायचं. गाभा सांगतो मूळ खडक कधी थिजला, कड सांगते तो पुन्हा कधी तापला. किती खोल गेला होता, ते गार्नेट या तांबूस खनिजाच्या घडणीवरून काढतात. काळं अभ्रक साधारण 300 अंश सेल्सिअसच्या खाली आलं की आतल्या पोटॅशियमपासून होणारा अरगॉन वायू धरून ठेवतं, म्हणून त्याचं वय म्हणजे खडक वर येऊन निवल्याचा काळ. हे सगळं जुळलं तरच टक्कर झाली म्हणायचं.

मालवणची खाडी
किनाऱ्यावरच्या वाळूतूनही असं वय निघतं का?

कातळवेडी
झिरकॉन मिळाले तर निघतं, पण ते वय ज्या खडकातून कण आला त्याचं, वाळूचं नव्हे. जुन्या वालुकाश्मात सगळ्यात तरुण कण बघतात, दगड त्याच्यानंतरचाच.

बागायतदार, ढिगातला न कुजलेला तुकडा फोडून बघा. गार्नेटचे तांबूस गोल ठिपके आहेत का?

वेंगुर्ल्याचा बागायतदार
आहेत, मोहरीएवढे! उद्या उन्हात फोटो काढून टाकतो.