गूढ शब्दकोडं: मामाचा कप

प्रश्न: ठाणे ते दादर याच शोधसूत्रावर अडकले होते: "मामाचा कप फोडला, आत गाडीचा भाग (2)", म्हणजे उत्तर दोन अक्षरी. बशी, कान, दांडी, सगळं करून झालं. मदत करा, पण उत्तर सांगू नका.

– काकू, चहा विसरा. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, शेवटी आहे. कप 'फोडला', म्हणजे अक्षरं सुटी करून बघा.

– मा-मा-चा-क-प... अगंबाई, चाक!

– सूत्र बरं आहे, पण उत्तर शब्दांत लपलंय हे 'आत' सांगतोच, मग 'फोडला' जास्तीचं वाटलं. आता हे इंग्रजीतलं जुनं घ्या: एच आय जे के एल एम एन ओ (5).

– वॉटर! एच 'टू' ओ, म्हणजे एचपासून ओपर्यंत, आणि पाण्याचं सूत्रही H2O. लग्नाच्या वर्षी ह्यांनी घातलं होतं. सुटेना म्हणून तीन दिवस अबोला धरला होता मी.